घराला दार, फोनलाही दार



आज आम्ही एक नवा विषय घेऊन आपल्यापुढे उभे आहोत. विषय नवा आहे, पण त्यातली गोष्ट जुनी आहे. सरकारने माणसावर नजर किती ठेवावी, आणि माणसाने आपले खाजगी कसे जपावे, हा तो विषय.

आपल्या प्रत्येकाच्या घराला दार आहे. घर कुडाचे असो की चिऱ्याचे असो, दार असतेच. दार आहे म्हणजे आत चोरीचा माल आहे, असे कोणी म्हणत नाही. आत माणसे जेवतात, निजतात, भांडतात. आजाऱ्याची सेवा करतात. मुलीच्या लग्नाचा विचार करतात. हे सारे चव्हाट्यावर होऊ नये म्हणून दार. पाहुणा आला तरी तो बाहेरून हाक देतो. "आहेत का घरात?" असं विचारतो. मग आत येतो. ही आपली रीत आहे.

पत्राचेही तसेच. खुशाली कळवायची तर पोस्टकार्ड पुरते. ते वाटेत कोणी वाचले तरी बिघडत नाही. पण पैशाची अडचण लिहायची, घरातला तंटा लिहायचा, तर आपण पाकीट घेतो. डिंक लावून ते बंद करतो.

आज घर, पत्र, बँकेचे पासबुक आणि जमिनीचे कागद, सारे एका फोनमध्ये येऊन बसले आहे. हा फोन आपण खिशात घेऊन हिंडतो. पण त्याला दार कोठे आहे आणि त्याची कडी कोठे आहे, हे आपल्याला कोणी शिकवले नाही. ते आज आपण शिकू या.

नजर लागतेच

पहिल्यांदा एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करू. सरकारला नजर ठेवावी लागते. शिवछत्रपतींच्या राज्यात बहिर्जी नाईक हेरखाते सांभाळीत होते. शत्रू कोठे आहे, त्याचा बेत काय आहे, हे कळल्याशिवाय राज्य राखता येत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला. हल्लेखोर फोनवरून पाकिस्तानातल्या आपल्या सूत्रधारांशी बोलत होते. ते बोलणे पोलिसांनी ऐकले. पुढे खटल्यात तोच मोठा पुरावा ठरला. असे बोलणे ऐकू नये, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही.

सरकारला आपली माहितीही लागते. गावात माणसे किती हे ठाऊक नसेल, तर शाळा किती काढाव्या आणि दवाखाना कोठे बांधावा, हे कसे कळणार? म्हणून जनगणना होते. पण इथे एक नीट पाहण्यासारखी गोष्ट आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याने या माहितीला कुलूप घातले आहे. आपण गणतीदाराला जे सांगतो, ते कोणालाही पाहायला मिळत नाही. ते आपल्याविरुद्ध कोर्टात पुरावा म्हणूनही आणता येत नाही. माहिती घेतली, पण तिच्यावर कायद्याचे झाकण ठेवले. याला म्हणतात रीत.

तेव्हा सरकारने नजर ठेवावी की नाही, हा प्रश्न नाही. त्या नजरेला लगाम आहे की नाही, हा प्रश्न आहे. लगाम नसला तर काय होते, ते आता पाहू.

हजेरीचे दिवस

इंग्रज सरकारने १८७१ साली एक कायदा केला. त्याचे नाव गुन्हेगार जमाती कायदा. या कायद्याने सबंध जमातीच गुन्हेगार ठरवल्या. माणसाने चोरी केली की नाही, हे पाहायचे नाही. तो कोणाच्या पोटी जन्मला, एवढेच पाहायचे. मूल पाळण्यात असतानाच गुन्हेगार!

पुढे १९११ च्या कायद्याने हा फास आपल्या मुंबई इलाख्यावरही पडला. फासेपारधी, कंजारभाट अशा कितीतरी जमाती त्यात अडकल्या. त्यांची नावे सरकारी पुस्तकात चढली. बोटांचे ठसे घेतले गेले. ठरल्या वेळी हजेरी द्यायची. गाव सोडायचे तर परवाना घ्यायचा. सोलापूरला तर तारेचे कुंपण घालून वसाहत केली होती आणि माणसे त्यात ठेवली होती.

देश १९४७ साली स्वतंत्र झाला. पण हा कायदा जायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. म्हणून या बांधवांना आपण विमुक्त म्हणतो. कायदा गेला, तरी संशय लगेच गेला नाही. गावात चोरी झाली की पहिल्यांदा कोणाच्या पालावर पोलीस जात, हे आपल्यातल्या जुन्या माणसांना सांगायला नको.

यातून काय शिकायचे? एकदा वहीत नाव चढले की ते पुसणे फार कठीण. वही लिहिणारा बदलतो, सरकार बदलते, पण वही राहते. त्या काळी वही कागदाची होती. आज ती यंत्रात आहे. कागदाची वही एका कचेरीत असे. यंत्रातली वही एका क्षणात शंभर कचेऱ्यांत उघडते.

खडक सिंगाचे दार

आता दुसरी गोष्ट. ही उत्तर प्रदेशातली. तिथे खडक सिंग नावाचा एक माणूस होता. १९४१ साली त्याच्यावर दरोड्याचा आळ आला. पुरावा मिळाला नाही, म्हणून त्याला सोडून दिले. खरे तर गोष्ट इथेच संपायला हवी. पण पोलिसांनी त्याच्या नावाची वही उघडली.

मग काय झाले? रात्री-अपरात्री चौकीदार आणि शिपाई त्याच्या दाराशी येत. दार ठोठावीत, ओरडत. "आहेस का घरात?" म्हणून झोपेतून उठवीत. बाहेरगावी जायचे झाले, तर कोठे जातो आणि कधी येतो, हे चौकीदाराला सांगावे लागे. गुन्हा शाबीत झालेला नाही, आणि शिक्षा मात्र रोज रात्री!

या माणसाने हिंमत केली आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६२ च्या डिसेंबरात निकाल लागला. न्यायालय म्हणाले, रात्री घरी जाऊन असे उठवणे घटनेत बसत नाही. ते बंद करा. एवढा न्याय मिळाला. पण बहुतेक न्यायाधीशांनी असेही म्हटले की, खाजगी जीवन जपण्याचा हक्क घटनेत लिहिलेला नाही. त्यामुळे पाळत ठेवण्याचे बाकीचे नियम तसेच राहिले. न्यायमूर्ती सुब्बाराव यांना ते पटले नाही. त्यांनी आपले वेगळे मत लिहून ठेवले. मनात सतत धाक असेल तर माणूस मोकळा कसा, असा त्यांचा रोख होता.

ते वेगळे मत वाया गेले नाही. पंचावन्न वर्षांनी त्याला फळ आले. न्यायमूर्ती पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. वयाची ८५ वर्षे उलटून गेल्यावर, २०१२ साली, त्यांनी आधारच्या योजनेविरुद्ध अर्ज केला. त्यातून मूळ प्रश्न पुन्हा उभा राहिला. खाजगी जीवनाचा हक्क आहे की नाही?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने उत्तर दिले. हक्क आहे. तो मूलभूत हक्क आहे. जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच तो भाग आहे. सरकारला त्यात हात घालायचा असेल, तर तीन चाळण्यांतून जावे लागेल.

पहिली चाळण अशी की, तसा कायदा हवा. साहेबाच्या मनात आले म्हणून चालणार नाही.

दुसरी चाळण अशी की, हेतू रास्त हवा. देशाचे रक्षण, गुन्ह्याचा तपास, गरिबाला त्याचा लाभ पोहोचवणे, असे काही कारण हवे.

तिसरी चाळण अशी की, गरजेपुरतेच करावे. एका उंदरासाठी सारी कणगी उपसायची नाही.

या तीन चाळण्या पाठ करून ठेवा. त्या फार कामाच्या आहेत.

फोन काय सांगतो

आता फोनकडे वळू. फोनवरचे बोलणे सरकार ऐकू शकते का? होय, ऐकू शकते. १८८५ च्या तार कायद्यात तशी सोय होती. आता त्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे. त्यातही ती आहे.

पण वाटेल त्याचे, वाटेल तेव्हा ऐकता येत नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने यावर बंधने घातली. आजच्या नियमांप्रमाणे सहसा केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाचा लेखी हुकूम लागतो. हुकमात कारण लिहावे लागते. एक हुकूम ६० दिवस चालतो. वाढवत नेला तरी १८० दिवसांपलीकडे जात नाही. हुकूम योग्य आहे का, हे एक समिती तपासते. मात्र या समितीत सरकारी अधिकारीच असतात. न्यायाधीश नसतो. घरचीच माणसे घरचा हिशेब तपासतात, ही यातली उणीव आहे. ज्याचा फोन ऐकला, त्याला मागाहूनही कोणी कळवीत नाही.

तरीही कायदा कामाला येतो. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली एक निकाल दिला. एका व्यावसायिकावर लाच दिल्याचा आरोप होता. त्याचे फोन ऐकण्याचे तीन हुकूम निघाले होते. न्यायालयाने पाहिले की, सार्वजनिक संकट किंवा लोकांच्या सुरक्षिततेचा धोका असे कायद्याला हवे ते कारण इथे नाही. तिन्ही हुकूम रद्द झाले. ऐकलेले बोलणे नष्ट करा, असा आदेश झाला. आरोप खरा की खोटा, हा भाग निराळा. पण तपास करणाऱ्यानेही कायदा पाळला पाहिजे, हे त्यातून ठरले.

बोलणे ऐकले नाही, तरी फोन पुष्कळ सांगतो. आपण कोणाला, कधी, किती वेळ फोन केला, याची नोंद कंपनी ठेवते. फोन कोणत्या टॉवरजवळ होता, हेही तिच्या वहीत असते. समजा, एक बाई रोज दवाखान्याला फोन करते, मग वकिलाला करते, मग माहेरी करते. बोलणे एक शब्द ऐकले नाही, तरी तिच्या घरात काय चालले आहे याचा अंदाज येतोच ना? चिखलातल्या पावलांवरून जनावर ओळखावे, तसे हे आहे.

व्हॉट्सॲपसारख्या सोयीत संदेशाला दोन्ही टोकांना कुलूप असते. वाटेत तो वाचता येत नाही. साधा एसएमएस म्हणजे पोस्टकार्ड, आणि हा संदेश म्हणजे बंद पाकीट. पण पाकीट कितीही बंद असले, तरी ते उघडून वाचणाऱ्याच्या खांद्यावरून कोणी डोकावले तर? फोनमध्येच हेर शिरला, तर कुलुपाचा उपयोग नाही. २०२१ साली पेगासस नावाच्या अशाच एका हेर-यंत्रणेची बातमी जगभर गाजली. पत्रकार, पुढारी, कार्यकर्ते यांचे फोन तिने पोखरल्याचा आरोप झाला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने चौकशी समिती नेमली. समितीने २९ फोन तपासले. त्यांपैकी पाचांत काही घातक सामग्री सापडली. ती पेगाससच आहे, असे ठरले नाही. सरकारने समितीला सहकार्य केले नाही, हे न्यायालयात २०२२ साली सांगितले गेले.

कर नाही त्याला डर कशाला?

आता कोणी म्हणेल, "अहो, आम्ही साधी माणसं. कर नाही त्याला डर कशाला? आमच्याकडं लपवण्यासारखं आहेच काय?"

बोलणे वरवर खरे वाटते. पण जरा विचार करू या.

आपण मत देतो, तेव्हा आडोशाला जाऊन बटण दाबतो. का? आपण चोरी करतो म्हणून? नाही. कोणाला मत दिले हे सावकाराला कळले, मालकाला कळले, पुढाऱ्याला कळले, तर तो मागाहून सूड घेईल. आडोसा आहे म्हणून गरिबाचे मत त्याचे स्वतःचे राहते. तो आडोसा काढा, आणि निवडणूक म्हणजे नुसता देखावा होईल.

तसेच बाकीचे. रेशनच्या धान्यात घोळ होतो, अशी तक्रार करायची आहे. रस्त्याच्या कामात पैसा खाल्ला, हे वर कळवायचे आहे. नवरा मारतो, म्हणून कोणाचा सल्ला घ्यायचा आहे. मजुरी वाढवून मागायला दहाजणींनी एकत्र यायचे आहे. यातले एकही काम वाईट नाही. पण ज्याच्याविरुद्ध बोलायचे, त्याच्याच कानावर ते आधी गेले, तर काम होईल का? तोंडे आपोआप मिटतात. कोणी बंदी घालायलाही नको. कोणी ऐकत असेल, एवढी शंका पुरते.

श्रीमंताला वकील असतो, ओळख असते. गरिबाजवळ झाकली मूठ तेवढी असते. म्हणून खाजगीपणा हा श्रीमंतांचा चोचला नाही. गरिबालाच त्याची जास्त गरज आहे.

आणखी एक भीती आहे. सरकार कसे चालते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला खोटे सरकारही फसवते. हल्ली भामटे फोनवर पोलिसांचा गणवेश घालून दिसतात. "तुमच्या नावाच्या पार्सलात अंमली पदार्थ सापडले. तुम्हाला फोनवरच अटक केली आहे. कोणाला सांगू नका. पैसे भरा." असे म्हणून माणसाला तासन् तास फोनपुढे बसवून ठेवतात. याला ते 'डिजिटल अटक' म्हणतात. मंडळी, आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. पोलीस फोनवरून अटक करीत नाहीत आणि सुटकेसाठी पैसे मागत नाहीत. सरकारी नजरेचा धाक मनात इतका बसला आहे, म्हणून ही लूट चालते. कायदा ठाऊक असेल, तर माणूस ताठ उभा राहून विचारतो, "हुकूम कोठे आहे? ठाणे कोणते? मी तिथेच येतो."

अंगठा आणि सही

आपण या वर्गात आलात, तेव्हा पहिल्यांदा काय शिकलात? सही करायला. का शिकलात? कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन सावकाराने जमिनी कशा लाटल्या, हे आपल्या वाडवडिलांनी भोगले आहे. वाचल्याशिवाय अंगठा नाही, हा साक्षरतेचा पहिला धडा.

आता पहा, यंत्राने पुन्हा अंगठा मागायला सुरुवात केली. रेशनच्या दुकानात अंगठा. बँक मित्राकडे पैसे काढायला अंगठा. त्यात सोय आहे, हे खरे. पण धोकाही आहे. काही राज्यांत जमिनीच्या खरेदीखतावरचे ठसे उचलून भामट्यांनी लोकांच्या खात्यांतले पैसे काढले. सही बदलता येते, किल्ली बदलता येते. अंगठा बदलता येत नाही.

फोनमध्येही एक अंगठा आहे. त्याला 'परवानगी' म्हणतात. नवे ॲप घेतले की ते विचारते, तुमचे संपर्क पाहू का? फोटो पाहू का? तुम्ही कोठे आहात ते पाहू का? आपण न वाचता 'मान्य' दाबतो. हा कोऱ्या कागदावरचाच अंगठा आहे. झटपट कर्ज देणाऱ्या काही ॲपनी असेच केले. आधी साऱ्या ओळखीच्यांचे नंबर घेतले आणि मग हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन करून अब्रू घालवली. शेवटी २०२२ साली रिझर्व्ह बँकेने नियम केला. कर्जाच्या ॲपने ग्राहकाचे संपर्क आणि फोनमधील कागदपत्रे पाहू नयेत. आणि एक लक्षात असू द्या. कंपनीच्या वहीत जे जाते, ते सरकारला कायद्याने मागवता येते. म्हणून मुळातच कमी द्यावे.

तेव्हा काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

आधारची झेरॉक्स सगळीकडे वाटू नये. जिथे चालते तिथे झाकलेले आधार द्यावे. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. झेरॉक्स द्यावीच लागली, तर तिच्यावर काम आणि तारीख लिहून सही करावी.

आधारमध्ये अंगठ्याला कुलूप लावण्याची सोय आहे. कुलूप असताना ठशाने पैसे निघत नाहीत. रेशनला जाताना ते उघडता येते. हे कसे करायचे, ते १९४७ या नंबरावर विचारावे.

२०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधारची योजना चालू ठेवली, पण तिला मर्यादा घातली. मोबाइलसाठी आणि बँक खात्यासाठी आधार जोडण्याची सक्ती रद्द केली. शाळेत प्रवेशासाठीही सक्ती करता येत नाही. "आधार नाही तर सिम नाही," असे दुकानदार म्हणाला, तर दुसरे ओळखपत्र पुढे करावे.

फोनला अंकांचे कुलूप लावावे. जन्मसाल ठेवू नये. ओटीपी म्हणजे तिजोरीची किल्ली. बँकेचा साहेब म्हणवणाऱ्यालाही ती देऊ नये. फसवणूक झालीच, तर त्याच घटकेला १९३० वर फोन करावा. लाजून गप्प बसू नये.

विजेरीच्या ॲपला आपले संपर्क कशाला हवेत? नको ती परवानगी नाकारावी. नको ते ॲप काढून टाकावे.

पोलीस तपासासाठी फोन जप्त करू लागले, तर अडवू नये, हुज्जत घालू नये. पण पंचनामा आणि जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मागावी. १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचे चित्रण करणे कायद्याने आवश्यक झाले आहे. हे मागणे उद्धटपणा नाही. तो आपला हक्क आहे.

एकट्याने होणार नाही

कडी लावणे हे एकट्याचे काम. पण कुंपणच शेत खाऊ लागले, तर साऱ्या गावाने एकत्र यावे लागते.

२०२३ साली देशात माहिती रक्षणाचा कायदा झाला. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम आले. त्यातली मुख्य कलमे टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहेत. तुमची माहिती काय घेतली, कशासाठी घेतली, हे विचारण्याचा हक्क त्यात आहे. चूक दुरुस्त करून मागता येते. माहिती नीट न सांभाळणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. हे चांगले आहे. पण सरकार आपल्या कोणत्याही खात्याला यातून सूट देऊ शकते. लगाम कंपनीच्या घोड्याला आहे. सरकारी घोड्याला मात्र सरकारच तो काढू शकते.

शिवाय याच कायद्याने माहितीच्या अधिकारातले एक कलम बदलले. व्यक्तीची माहिती आहे, एवढे म्हणून आता अर्ज नाकारणे सोपे झाले आहे. लोकहिताचे कारण दाखवून मागण्याची वाट उरली आहे, ती वापरली पाहिजे. आपण साधा नियम ध्यानात ठेवावा. माणसाचे घर झाकलेले असावे आणि सरकारचे दप्तर उघडे असावे. सरकार आपल्यासाठी आहे, म्हणून त्याने आपल्याला हिशेब द्यायचा. याच्या उलटे होऊ लागले, की समजावे, काहीतरी बिघडले आहे.

लोक बोलले तर फरक पडतो. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर दूरसंचार विभागाने आदेश काढला की, प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' हे सरकारी ॲप आधीपासून घातलेले असावे. ॲप उपयोगाचे आहे. हरवलेला फोन त्यातून बंद करता येतो. आपल्या नावावर किती सिम आहेत, ते कळते. पण सोय निराळी आणि सक्ती निराळी. देशभर लोकांनी विचारले, "आमच्या फोनमध्ये आम्हाला न विचारता का?" थोड्याच दिवसांत, ३ डिसेंबरला, सरकारने ती सक्ती मागे घेतली. ज्याला हवे त्याने घ्यावे, ज्याला नको त्याने घेऊ नये. असे असावे.

आपल्या गावातही असे प्रश्न येतील. चौकात कॅमेरे बसतील. ते बसू देत, चोराला धाक बसेल. पण ग्रामसभेत उभे राहून चार प्रश्न विचारा. कोणत्या कायद्याने? कशासाठी? गरजेपुरतेच ना? आणि चित्रे कोण पाहणार, किती दिवस ठेवणार? पहिले तीन प्रश्न म्हणजे त्या नऊ न्यायाधीशांच्या तीन चाळण्याच आहेत. चौथा आपल्या शहाणपणाचा.

विचारणाऱ्याला कोणी म्हणेल, "तुला काय कळतं?" त्याला शांतपणे सांगा, "मला वाचता येतं."

खडक सिंगाच्या दारावर रात्री थाप पडत होती. त्याने ती मुकाट्याने सोसली असती, तर ते दार कोणालाच दिसले नसते. त्याने विचारले, म्हणून न्यायालयाला ऐकावे लागले. आज थाप ऐकू येत नाही. फोन मुका असतो. म्हणून आपणच अधूनमधून उठून कडी पाहिली पाहिजे.

आज घरी गेल्यावर एवढेच करा. फोन उघडा. कोणत्या ॲपला काय काय परवानगी दिली आहे, ते एकेक वाचा. वाचायला येत आहेच. जी नको ती बंद करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि शेजारणीला दाखवा. पुढच्या आठवड्यात कोणाला काय सापडले, ते आपण वर्गात सांगू या.